फ्रीजच्या सुरातली आत्या

आत्याच्या घराची बेल वाजवायची नसते. वाजवली, तर भिंतीवर टांगलेली निम्मी वाद्यं आपापल्या खुंटीवरून एकदम ‘हंऽऽ?’ करतात आणि आतून आत्या ओरडते, “अगं दार ठोठाव, दार! बेलनं दचकतात ती!” जणू आत तान्ही बाळं झोपलीयेत. नवीन पाहुणा दारातच विचारतो, “कोण दचकतं?” झालं. मग आत्या त्याला आत नेते आणि त्याचा चहा गार होईपर्यंत सोडत नाही.

भिंतीवर मेंढपाळांचं दोन तारांचं चौकोनी खोकं आहे. मांडीवर आडवं ठेवून पिसानं छेडायचं एक आहे. लांब मानेचं एक आहे, त्याला आम्ही जिराफ म्हणतो. एक चाक फिरवून वाजवायचं आहे, त्यातून मधमाश्यांचं अख्खं पोळं चिडल्यासारखा आवाज येतो. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, त्याला शिलाई मशीन म्हणतात. “आज मशीन चालवणार असशील तर माझ्या पँटची शिवण पण मारून टाक,” हा त्यांचा विनोद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे.

आणि म्हातारी. म्हातारी भिंतीवर नसते. तिला स्वयंपाकघरात स्वतःची खुर्ची आहे, खुर्चीवर उशी आहे, आणि त्या खुर्चीवर आतोबांनाही बसायची परवानगी नाही. गजानं वाजवायचं जुनं वाद्य. वरच्या तारा आतड्याच्या, त्यांच्या पोटाखालून पितळेच्या बारीक तारा गेलेल्या, त्यांना तरफा म्हणतात. तरफांना कोणी हात लावत नाही. वरची तार बरोबर सुरात वाजली की त्या खाली आपल्या आपण थरथरतात. म्हणून आत्यानं गज उचलला तरी खोली थोडा वेळ वाजत राहते, आणि नेमकी कधी थांबली ते कोणालाच सांगता येत नाही. लहानपणी मी त्या आवाजात झोपायचे. झोप लागली ते कळायचं नाही आणि आवाज संपला तेही कळायचं नाही, त्यामुळे अजून मला कधी कधी वाटतं की त्यातला एखादा सूर अद्याप चालूच असेल.

म्हातारी आत्याला मिळाली एका नाटक कंपनीच्या सामानाच्या खोलीत. आत्या तेव्हा कॉलेज सोडून तिथं लागली होती. तलवारी मोजून द्यायच्या, मुकुटांचे मणी चिकटवायचे, असं काम. एका प्रवेशात दारूचा गुत्ता होता आणि त्याच्या भिंतीवर शोभेला म्हातारी टांगलेली होती, खिळा थेट मानेत ठोकून. एका दुपारी धूळ झटकताना आत्याचं फडकं तारेला लागलं. वरच्या सगळ्या तारा गेल्या होत्या, एकच शाबूत होती. ती वाजली, आणि मग खाली काहीतरी वाजलं, आणि मग त्याच्या खाली. “मला वाटलं खोलीत आणखी कोणीतरी आहे,” आत्या सांगते, अजूनही आवाज बारीक करून. “मी म्हटलं, कोण आहे? आणि तीसुद्धा वाजली गं, माझ्या आवाजानं!”

कंपनीच्या मालकांनी ती तिला देऊनच टाकली. “ने बाई, पुढच्या नाटकात गुत्ता नाहीये.”

ती घेऊन आत्या गेली सरसबुवांकडे. खरं नाव कोणाला माहीत नाही. वाद्यं दुरुस्त करायचे आणि जन्मभर लाकूड चिकटवायच्या सरसात हात असल्यामुळे त्यांना लांबूनच वास यायचा. दातांचा पत्ता नव्हता. आत्या त्यांचं बोलणं करून दाखवते आणि मी आत्याचं, म्हणजे माझ्यापर्यंत ते दुसऱ्या हातचं आलंय, पण हुबेहूब आहे: “पोली, हिच्या पोताला चिला गेल्यात. सांधतो. पन हिला वल ओधू नको. जिथं बसायचंय तिथं ती आपली आपन बसेल. तू फक्त ऐकायचं.”

आत्यानं ऐकलं. गज धरायला त्यांच्याकडेच शिकली, त्यांच्या दुकानात, भुशाच्या ढिगात बसून.

तिथपासून आत्याचं करिअर सुरू झालं. हा शब्द आमच्या बाबांचा. बाबा तिचे धाकटे भाऊ, आणि करिअर म्हणताना त्यांच्या भुवया वर जातात. या करिअरमध्ये आत्या नेहमी मागे बसलेली असते. बालनाट्यात पडद्यामागे, गायिकेच्या मागे, नाचणाऱ्यांच्या मागे. सिनेमात जुना काळ आला की हिला बोलावतात. राजा मेला की म्हातारी, मेंढ्या आल्या की खोकं, राजवाड्यात कारस्थान शिजलं की शिलाई मशीन. एका चहाच्या जाहिरातीत तिचं एवढुसं वाजवणं आहे, त्याच्या अर्ध्यात कप बशीवर आपटतो. कार्यक्रम संपला की कोणीतरी पर्सवाल्या बाई पुढे येतातच. “काय छाऽऽन वाटलं हो! अगदी शाऽऽन्त! हे गिटारच ना?” आत्या म्हणते, “त्याची पणजी.” बाई म्हणतात, “अय्या!” आणि मग हमखास, “आणि एरवी तुम्ही काय करता?”

“एरवी मी सूर लावते,” आत्या म्हणते. हे अगदी खरं आहे. आतड्याच्या तारा म्हणजे नकटीच्या लग्नापेक्षा अवघड काम. ढग आले की फुगतात, पंखा लावला की आक्रसतात, कोणी ओले केस घेऊन शेजारून गेलं तरी उतरतात. आत्याचा निम्मा दिवस खुंट्या पिळण्यात जातो.

आता जे सांगते त्यावर हसू नका. आत्या हा सूर फ्रीजवरून घ्यायची.

लग्न झाल्यावर दोघं या घरात आली तेव्हा आतोबांनी एक वापरलेला फ्रीज आणला होता. पिवळट, गोल खांद्यांचा, दाराला कमरेनं ढुशी दिल्याशिवाय न लागणारा. आत्या स्वयंपाकघरात वाजवायला बसायची, कारण तिथल्या फरश्यांमुळे आवाज छान घुमतो. एका दुपारी ती नुसतीच बसली होती, गज मांडीवर. फ्रीज चालू झाला. आधी ‘खड्ड-खड्ड’ असं अंग झाडलं, मग त्याची ती लांब ‘घूंऽऽऽ’ लागली. आणि कोणीही हात न लावता म्हातारी गायला लागली. तरफा आपल्या आपण थरथरत होत्या. सोनेरी धुरासारखा आवाज स्वयंपाकघरभर पसरला, ओट्यावरचे पेले त्यात भिजले, खिडकीतल्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते ते जणू त्यावरच तरंगत होते. मग फ्रीज बंद पडला, शेवटचा एक हुंदका देऊन, आणि म्हातारी त्याच्यामागून हळूहळू विझली.

आत्याला सरसबुवा आठवले. म्हातारीनं आपली जागा शोधली होती. पेटीवर लावून पाहिलं तर ती जागा पांढरी पाचच्या केसभर खाली निघाली. केसभर म्हणजे किती, ते आत्यानं कधी मोजलं नाही. कशाला मोजायचं? घरात फ्रीज होता ना. रोज सकाळी डावा तळवा फ्रीजच्या दारावर टेकवायचा, डोळे मिटायचे, घूं हाडांत उतरू द्यायची, आणि उजव्या हातानं खुंटी पिळायची. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच आत्या सकाळी फ्रीजची नाडी बघतात.

तर यंदा एका सभागृहाच्या मॅडमचा फोन आला. मॅडम प्रत्येक वाक्याच्या आधी श्वास घेतात, बुडी मारायच्या तयारीत असल्यासारख्या. “(श्वास) आम्हाला ना, काहीतरी जुनं हवंय. (श्वास) पण फक्त तुम्ही. (श्वास) मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. अख्खी संध्याकाळ.”

आत्यानं फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहिली. “अहो,” ती म्हणाली, “पुढे कोणीच नाही म्हणतात.”

“मग लोकांना तू दिसशील की,” आतोबा म्हणाले. “केस कापून घे.”

बातमी ऐकून बाबांना बहिणीचं एकदम कौतुक दाटून आलं, आणि बाबांना कौतुक दाटून आलं की ते वस्तू घेतात. “ताई, आता तुझ्याकडे पत्रकार येतील, फोटो काढतील, आणि मागे हे भंगार? मला शरम वाटते!” आत्या आणि आतोबा दोन दिवस लग्नाला गेलेले असताना बाबांनी चावी मिळवून नवा फ्रीज बसवला आणि जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. नवा फ्रीज चंदेरी होता, दोन दारांचा, आत निळा दिवा. “आवाज म्हणून नाही!” बाबा त्याच्या अंगावर थाप मारून म्हणाले. “हा ना, गरजेप्रमाणे मोटार कमी-जास्त करतो. हुशार आहे एकदम.”

आत्या हळहळली, पण भावानं हौसेनं आणलेला. वाकून तिनं त्याला कान लावला. बारीक का होईना, घूं होती. “आहे की!” ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीपासून तळवा चंदेरी दारावर टेकवायला लागली.

इथंच सगळं बिघडलं. जुन्या फ्रीजला एकच सूर यायचा. हा हुशार. सकाळी दूध-भाज्या आत गेल्या की मोटार जोरात, सूर वर. दुपारी सगळं गार झालं की मोटार निवांत, सूर खाली. आत्या सकाळी तारा चढवायची, दुपारी उतरवायची, संध्याकाळी आतोबा पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायचे की परत चढवायची. सवय इतकी जुनी की फ्रीजवर शंका घ्यायचं तिच्या मनातच आलं नाही. भिंतीवरच्या सगळ्या वाद्यांना तिनं त्याच्या मागे फरफटवलं. आतड्याच्या तारांना कुठंतरी एका जागी मुरावं लागतं. त्या बावचळून गेल्या. म्हातारीच्या पोटातून एक चिमुकला ‘टक्’ आवाज यायला लागला. आणि तरफा गप्प. आत्या गज ओढायची, वरची तार वाजायची, खाली काही नाही. जणू जिन्यात हाक मारावी आणि वरच्या मजल्यावर कोणी राहतच नसावं.

फ्रीजवर शंका आली नाही म्हटल्यावर उरलं कोण? ती स्वतः.

“माझे कान गेले,” एका संध्याकाळी ती म्हणाली. साधं, भाजी संपली म्हणतात तसं. “सकाळी लावलेलं दुपारी बेसूर वाटतं, दुपारचं रात्री. माझंच काहीतरी हललंय.”

तिचा जुना जोडीदार आला होता. तो माणसाच्या उंचीचं सारंगीच्या खापरपणज्यासारखं वाद्य वाजवतो आणि बोलतोही तितक्याच खालून, म्हणून त्याला सगळे खर्ज म्हणतात. “हंऽऽ,” खर्ज तळघरातून म्हणाला, “वय. माझाही उजवा कान. दाराकडचा.”

“दाराकडचा म्हणजे?”

“हंऽऽ?”

“जाऊ दे.”

आत्या हसली नाही, हे वाईट चिन्ह होतं. खर्जाच्या कानावर आम्ही सगळे नेहमी हसतो. “मी मॅडमना नाही म्हणून कळवते,” ती म्हणाली. “मागे बसून एखादी तार हुकली तर झाकून जाते. एकटीनं बसून म्हातारीची शोभा नाही करायची मला.” आणि तिनं म्हातारीवर ओढणी टाकली. मी ते घर कधी इतकं गप्प ऐकलं नव्हतं. मुद्दाम खाली जाऊन बेल वाजवून आले. वरून उत्तर आलं, पण प्रत्येकाचं वेगळं, वर्गात मास्तर नसल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा चहा घेत बसले होते. आतोबांचं चष्म्याच्या काचा घासायचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं, “देवानं माझं सगळं डोळ्यांत घातलं, कानांपर्यंत येईस्तो माल संपला.” वाढदिवसाचं गाणं म्हणताना शेजारचे त्यांच्यापासून हळूच सरकून उभे राहतात. आत्या समोर बसून मॅडमचा नंबर शोधत होती. आतोबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि नव्या फ्रीजकडे रागानं बघितलं.

“हा लेकाचा गप्प का बसत नाही एका जागी?” ते म्हणाले. “सारखा वरखाली, वरखाली. झोपेतसुद्धा जिना चढतोय असं वाटतं. आपला जुना कसा, एकदा लागला की लागला.”

आत्याचा अंगठा फोनवर थांबला.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, जुना बरा होता.”

“नाही, त्याआधी. वरखाली?”

“मग! आत्ता बघ, दूध ठेवलंस ना, चढला. तुला ऐकू येत नाही?”

आत्या उठली. फ्रीजचं दार उघडून तशीच उभी राहिली, निळ्या उजेडात. हळूहळू मोटार चढायला लागली. अगदी मुंगीच्या पावलांनी, पण चढायला लागली. आत्यानं दार लावलं आणि त्यावर कपाळ टेकलं. रडतेय की काय वाटलं, पण खांदे हलत होते ते हसून. “मेल्या,” ती फ्रीजला म्हणाली, “तू होय!”

मग खर्जासकट आमची वरात भंगारवाल्याकडे. आवारात फ्रीजच फ्रीज, ओळीनं उताणे पडलेले, दारं काढलेली, त्यात पावसाचं पाणी आणि पाण्यात आभाळ. आपला पिवळा आत्यानं लांबूनच ओळखला, गोल खांद्यांवरून. भंगारवाला कान कोरत म्हणाला, “मोटार काढली हो. नुसतं खोकं हाय. खोकं न्या.” आत्यानं खोक्याच्या काठावर तळवा ठेवला, थोडा वेळ तसाच. मग आम्ही परत आलो.

“पण कान ठीक आहेत ना आता?” मी म्हटलं. “लाव की आठवून.”

“तेच तर,” आत्या म्हणाली. “इतके दिवस वरखाली केल्यावर आता मला कुठलीही जागा खरी वाटते. पांढरी पाचच्या खाली केसभर. पण कोणाचा केस गं?”

माझ्या फोनमध्ये जुन्या फ्रीजचा आवाज होता. माझ्या फोनमध्ये सगळ्यांचेच आवाज असतात. लावला तर नुसतं ‘खर्र’ वाजलं. एवढा खालचा सूर त्या टिचभर स्पीकरला कुठला झेपायला? मग मी म्हटलं, थांब, मी करते. केलं. खड्ड-खड्ड, अंग झाडलं, घूं, शेवटचा हुंदका. खर्जानं टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाली, “फ्रीज अगदी तस्सा. सूर भलताच.” म्हणजे मी आवाजाला तोंड दिलं, डोळे दिले, खांदे दिले, आणि सूर तेवढा विसरले. दुसऱ्यांदा केला तर तिसरीकडेच लागला. अपमान मी गिळला.

आतोबा तोवर खिडकीपाशी जाऊन चष्म्याची एक काच फडक्यानं पुसत बसले होते. त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. काच पुसताना ते नेहमीच तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणतात. काहीतरी म्हणजे काहीच नाही, तोंड बंद, एकच लांब आवाज, श्वास संपेस्तोवर. इतक्या वर्षांत त्याकडे कोणी कान दिला नव्हता. आतोबांच्या आवाजाकडे कान देतंय कोण?

खुर्चीवर, ओढणीखाली, म्हातारीची एकच तरफ थरथरली.

आतोबांचा श्वास संपला, त्यांनी नवा घेतला, आवाज पुन्हा तिथंच. केसभरही इकडे नाही, तिकडे नाही. आत्या पायांचा आवाज न करता त्यांच्यामागे गेली, डावा तळवा त्यांच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले.

“काय गं?” आतोबा दचकले. “काय झालं?”

“बंद करू नका हो! चालू ठेवा.”

“काय चालू ठेवू?”

“जे करत होता ते.”

“मी काच पुसत होतो!”

“मग पुसा!”

घाबरून आतोबांनी काच पुसायला घेतली. आधी आवाज कापला, मग दोन-तीन फडके फिरल्यावर हात आपल्या तालात आला आणि घूं आपल्या जागी. आत्यानं मला खुणावलं, मी म्हातारी आणून दिली. एका हातानं ती खुंटी पिळत होती. एकेक तार तिथं येऊन टेकत होती, आणि ती टेकली की खालून एकेक दिवा लागल्यासारखी तरफ उजळत होती. दुपार कलली, उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत भिंतीवर चढला, तरी आतोबा तीच काच पुसत होते. ती काच पुढे कोणाच्या चष्म्यात गेली त्याला जग फारच स्वच्छ दिसत असणार.

मॅडमना ‘नाही’ म्हणायचा फोन झालाच नाही.

कार्यक्रमापर्यंत आतोबांना रोज सकाळी एक काच पुसावी लागली. तारा एका जागी मुरल्या, म्हातारीच्या पोटातली टकटक थांबली. आतोबांची अट एकच, बाबांना सांगायचं नाही. बाबांना अर्थात मी त्याच दिवशी सांगितलं, आवाजांसकट.

सभागृहात दिवे तापले होते. आत्या एकटी बसली होती, पुढे खरंच कोणी नव्हतं, केस कापलेले. पहिलं वादन तिनं असं केलं की संपल्यावर टाळ्या वाजवाव्या की नाही तेच लोकांना कळेना. म्हातारी अजून बोलत होती ना. दुसऱ्याच्या मध्येच दिव्यांच्या उष्णतेनं मधली तार सरकली. मला कळलं, खर्जाला कळलं, त्याच्या दाराकडच्या कानालासुद्धा. आत्या थांबली. तिनं खुंटीला हात घातला, तार छेडली, आणि तिच्या कपाळावर ती रेघ आली, ‘कोणाचा केस’वाली. समोर अंधारात एवढी माणसं. मॅडमनी श्वास घेतला तो सोडलाच नाही.

आमच्या ओळीत आतोबांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा उतरवला. आणि पुसायला लागले.

इतकं बारीक की मागच्या ओळीला वाटलं असेल पंखा लागला. पण स्टेजवर कोणी हात न लावता तरफा जाग्या झाल्या. आत्यानं मान वर केली नाही. नुसता डावा तळवा म्हातारीच्या पाठीवर टेकवला, डोळे मिटले, खुंटी एवढीशी फिरवली आणि गज उचलला.

पुढचं सगळं मी तिथंच ऐकलं की लहानपणी झोपेत, ते मला नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की शेवटी गज थांबला आणि सूर चालू होता, लोक हळूहळू उठत होते, टाळ्या वाजवत होते आणि परत थांबून ऐकत होते.

पर्सवाल्या बाई आल्याच. “शाऽऽन्त वाटलं हो! आणि मध्ये तो एक आवाज येत होता ना, घूं असा, तो कशाचा?”

आत्यानं आतोबांकडे बघितलं. ते चष्मा नसल्यामुळे भलत्याच माणसाशी हात मिळवत होते.

“आमच्या घरचा जुना फ्रीज,” आत्या म्हणाली. “आम्ही तो काढला नाही कधी.”